मांडीवरचं पातेलं

मोटरसायकलवरून नदीला जाऊन आल्याचं वर्णन करायचा हक्क पुढं बसणाऱ्याचा. वळणं त्याची, वारा त्याचा, दुतर्फा डोलणारा ऊस त्याचा. मागं बसलेल्याला विचाराल तर तो पुढच्याच्या मानेबद्दल सांगेल. आमच्या पिंट्याच्या मानेवर डावीकडं तीळ आहे. त्या तिळाला दोन केस आहेत. शर्टाचं लेबल कायम बाहेर आलेलं असतं, त्यावर ४२ लिहिलंय. कोल्हापूर ते भोगावती नदी या पंचवीसेक किलोमीटरच्या रम्य प्रवासातलं माझं निसर्गदर्शन एवढंच. बाकीचा निसर्ग पातेल्यानं अडवला होता.

कोल्हापुरात चार मित्र एका जागी बसले की त्यांचं रस्सा मंडळ होतं. त्याला नोंदणी नसते, वर्गणीचा हिशेब नसतो, पण अध्यक्ष असतो आणि फोडणी तोच टाकतो. आमच्यात ते पद मामाकडं. मामा आमच्यातल्या कुणाचाच मामा नाही, शाळेत एकदा भाच्याला सोडायला आला होता तेवढ्यावर नाव पडलं. हॉटेलात बसून रस्सा ओरपणं मंडळाला कमीपणाचं वाटतं. मटण आपण बघून घ्यायचं, चूल आपण मांडायची, धूर आपल्याच डोळ्यांत घालून घ्यायचा आणि हे सगळं पाण्याच्या काठाला करायचं. मटणाचा दर वाढला म्हणून २०१९ साली कृती समिती काढणारं हे गाव. इथं मटणाच्या कार्यक्रमाला कुणी सहल म्हणत नाही.

कुठल्या नदीला जायचं यावर आठवडा गेला. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त असलेली सरस्वती. म्हणजे निवड चारांतूनच करायची होती. तरी पिंट्यानं एक मत सरस्वतीला दिलं. शेवटी मामानं भोगावती ठरवली. कारण विचारलं तर म्हणाला, "त्या रस्त्यावर गुऱ्हाळं हाईत."

जानेवारीतला रविवार. सकाळी सातला निघायचं ठरलं आणि त्याप्रमाणं साडेदहाला सगळे जमले. सहा माणसं, तीन गाड्या. मामाच्या बुलेटवर मागं सदा आणि त्याच्याकडं मटणाची पिशवी. दिग्याच्या मागं बंड्या, त्याच्याकडं भाकरी, कांदे आणि चटणी. (चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी. ओली हिरवी डोळ्यांसमोर आली असेल तर तुम्ही इकडचे नाही.) राहिलं पातेलं.

पातेलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं. आमच्याकडं पातेलं लिटरवर मोजत नाहीत, माणसांवर मोजतात. हे चाळीस माणसांचं. आम्ही सहा आहोत हे मी बोलून दाखवलं. त्यावर मामा म्हणाला, "रश्श्याला उसळी घ्यायला जागा लागती." एवढं मोठं पातेलं बुलेटला शोभत नाही, दिग्याच्या गाडीचं मागचं फूटरेस्ट मोडलेलं, आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

"तुझ्या मांडीला ऐसपैस जागा हाय की," सदा म्हणाला.

तर मी पिंट्याच्या मागं, पातेलं माझ्या आणि त्याच्या मध्ये, पातेल्याचा काठ माझ्या हनुवटीखाली. झाकण घरीच राहिलं होतं. आत एक मोठा डाव होता, तो प्रत्येक खड्ड्याला पातेल्यात गोल फिरायचा. स्पीडब्रेकर आला की देवळातली घंटा दिल्यासारखा आवाज व्हायचा आणि तो माझ्या दाढांतून डोक्यात जायचा. गाडीनं वेग घेतला की पातेलं घुमायला लागायचं. पिंट्याला वाटायचं मी गुणगुणतोय. "म्हण की मोठ्यानं," असं तो दोनदा म्हणाला.

काठ चांगला पसरट होता आणि त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर दुसरं वाचायला काही नसल्यामुळं मी ते वाचत राहिलो. 'चि. सौ. कां. मालन हिस आत्याकडून सप्रम भेट.' सप्रेममधल्या प्रची मात्रा घालायची राहिली होती. भेटच्या पुढं एक पोचा होता. पुईखडीचा चढ लागेपर्यंत मी हे साठेक वेळा वाचलं असेल. मालन म्हणजे मामाची बायको, आमची वहिनी. पातेलं लग्नातलं होतं.

त्याआधी रंकाळ्याच्या अलीकडं हवालदारानं हात केला.

"हेल्मेट?"

पिंट्यानं खिसे चाचपायला सुरुवात केली, जणू हेल्मेट पाकिटात असतं. हवालदार माझ्याकडं आला. पातेल्यात वाकून बघितलं. डाव बाहेर काढला, न्याहाळला, परत ठेवला.

"किती किलो?"

"तीन," मी म्हणालो.

"माणसं?"

"सहा."

"मग बरोबर हाय." थोडा वेळ गप्प राहून त्यानं विचारलं, "पांढरा करणाराय का?"

"बघू, जमलं तर."

"जमलं तर न्हाई, कराच. खोबऱ्याचं दूध शेवटाला घाला, आधी घातलं की फाटतंय." एवढं सांगून त्यानं पुढच्या गाडीला हात केला. पावती राहिली ती राहिलीच.

पुढचा रस्ता मी नाकानं पार केला. गार ओलसर वारा आला तो रंकाळा. पाठीला कळ लागली ती पुईखडी. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो हेही बघावं लागलं नाही. दोन ट्रॉल्या, वर भोंग्यावर गाणं आणि बाहेर लोंबणाऱ्या वाड्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, सपके माझ्या उजव्या कानावर. हळदी गावाच्या पुढं कधीतरी गरम गुळाचा वास आला आणि तिन्ही गाड्या आपोआप डावीकडं वळल्या.

गुऱ्हाळघरात काहिलीवर वाफ उठली होती. शेणासारख्या हिरवट-काळ्या मळीचा शेवटचा थर एक माणूस झाऱ्यानं काढत होता. भेंडीच्या झाडाचं पाणी घातलं की मळी वर येते, हे बंड्या मला ओरडून सांगत होता, कारण मी लांब होतो. पातेल्यासकट उतरायचं म्हणजे आधी पिंट्यानं उतरायचं, मग पातेलं कुणीतरी धरायचं, मग मी. पिंट्या उतरला आणि थेट काहिलीकडं गेला. गाडी साइड स्टँडवर, मी गाडीवर, पातेलं माझ्यावर. काहिल उतरवली, गुळव्यानं पाक वाफ्यात ओतला, आणि मंडळ वाफ्याभोवती तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखं गंभीर होऊन बसलं. माझ्या वाटणीचा गरम गूळ सदानं पानावरनं आणून दिला. एक हात पातेल्याला, एका हातात पान. तोंड कशानं उघडायचं एवढाच प्रश्न होता.

मग मळीचा दुसरा वास आला, आंबूस, कारखान्याचा. म्हणजे परिते जवळ आलं होतं. तिथून नदीकडं जाणारी एक पाणंद धरली. गावाचं नाव सांगत नाही, पुढच्या रविवारी तुम्ही आमची जागा धराल.

स्वयंपाकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओली लाकडं पेटायला तास गेला. मीठ दोघांनी घातलं. पांढरा फाटला, कारण हवालदाराचा सल्ला मामाला सांगायचं मी विसरलो. तांबडा मात्र जगात भारी झाला होता. त्याबद्दल जास्त लिहिलं तर उठून जावं लागेल.

जेवण झाल्यावर पाच जण आंब्याखाली आडवे झाले आणि मामा डोळे मिटून म्हणाला, "पातेलं ज्यानं आणलं त्यानं घासायचं."

ते घेऊन मी पाण्याशी गेलो आणि मांडी घालून बसलो. आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला नदी दिसली. दोन्ही काठांना अगदी पाण्यापर्यंत ऊस. पलीकडच्या काठाला पाण्यात सोडलेले मोटारींचे पाइप आणि त्यांच्या शेजारी नाकापर्यंत बुडालेल्या तीन म्हशी. एका पाइपावर खंड्या पक्षी. तर्रीचा तवंग पाण्यावर पसरला तसे बोटभर मासे आले, तांबड्या कडेला तोंड लावून मागं सरले, परत आले. कोल्हापूरच्या माणसाला नदी म्हणजे आकडा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ झालं की धोका, आणि पावसाळ्यात "पाणी किती फुटावर?" हे आमच्याकडचं नमस्कार-चमत्कार. जानेवारीत कुणी विचारत नाही. जानेवारीतली भोगावती काही न मोजता नुसतीच पडून होती. मी वाळूनं पातेलं घासलं, विसळलं, पाण्यावर टेकवलं आणि खंड्या सूर मारतोय का बघत राहिलो.

त्यानं सूर मारला. मी परत खाली बघितलं तेव्हा पातेलं दहा फुटांवर होतं.

उभं, काठ वर, डाव आत. वाऱ्यावर हळूहळू फिरत ते मधल्या धारेकडं चाललं होतं. मी ओरडलो. मंडळ उठलं. आता सांगायची गोष्ट अशी की आमच्यातल्या प्रत्येकानं ऐन पुरात शिवाजी पुलावरून पंचगंगेत उड्या मारलेल्या आहेत. निदान मी गेली पंचवीस वर्षं तसं ऐकतोय, माझी उडी मीही सांगतो. पाच जण काठावर ओळीनं उभे राहिले आणि प्रत्येकानं शेजारच्याकडं बघितलं.

"जेवणावर पाण्यात उतरू नये," सदा म्हणाला.

"पुराचं पाणी वेगळं," बंड्या म्हणाला. "ते माणसाला उचलून धरतंय."

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. वहिनी.

"व्हय, जेवलो... पातेलं? पातेलं नदीत हाय."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. मामाचा चेहरा निवळला. फोन ठेवून म्हणाला, "घासायलाय व्हय, म्हणाली. राख लावा, वाळू नको, चरे पडत्यात, म्हणाली."

पातेलं माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश चाललं होतं, तेच जास्त लागत होतं. वाहून गेलं असतं तर निदान हाय तरी खाल्ली असती. आम्ही काठानं त्याच्या बरोबरीनं चालत होतो, वरातीत नवरदेवाच्या घोड्याशेजारी चालावं तसे. मग काठाला ऊस आडवा आला. गाड्या काढल्या, पाणंदीनं वळसा घालून पुढं गेलो, उसाच्या फटीतून बघितलं तर पातेलं अजून यायचं होतं. बसलो. पिंट्यानं हिशेब मांडला : भोगावतीतून प्रयाग चिखलीचा संगम, तिथून पंचगंगा, मग नृसिंहवाडीला कृष्णा. "म्हणजे वाडीला जाऊन बसावं लागणार. पेढे तरी मिळतील."

"कुठं न्हाई जात," दिग्या म्हणाला. त्याचं शेत नदीकाठाला आहे. "बरगे घातल्यात."

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नदीत आडव्या ओळीत दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा संपला की खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, बसवून पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस यायच्या आत काढून घ्यायचे, नाहीतर पूर बंधाराच घेऊन जाईल. अख्ख्या महाराष्ट्रात याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. सरकारी कागदावर नुसतं को. प. बंधारा. आम्हाला हे बंधारे फक्त पावसाळ्यात पेपरातून भेटतात, हळदी, राशिवडे, कोगे, अमुक बंधारे पाण्याखाली, म्हणून. शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला काढलं म्हणून जानेवारीत नदीला पाणी, बंधाऱ्यानं अडवलं म्हणून ते थांबलेलं, आणि थांबलेलं म्हणून पातेलं आपल्या हद्दीत.

बंधाऱ्यावर पोचलो तर पातेलं आमच्या आधी वर आलेलं होतं. खाली बरग्यांना टेकून केंदाळ, बाटल्या आणि एक डावी चप्पल साचली होती. वर खांबाच्या सावलीत गळ टाकून बसलेले एक आजोबा, आणि त्यांच्या शेजारी पातेलं. डाव बाहेर काढून त्यांनी वाळत ठेवला होता.

"आजोबा, ते पातेलं आमचं," मामा म्हणाला.

"कशावरनं?"

"आमच्या घरातलं हाय."

"समद्यांच्याच घरात असतंय. नाव घातलंय ह्याच्यावर. काय घातलंय सांगा आन् न्या."

मामानं आमच्याकडं बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झालेली. "बायकोचं नाव असणार," तो म्हणाला.

"नुसतं नाव न्हाई, लई मोठं लिवलंय."

मी पुढं झालो. "चि. सौ. कां. मालन हिस आत्याकडून सप्रम भेट."

आजोबांनी पातेलं फिरवून काठ डोळ्यांजवळ धरला. "सप्रेम," ते म्हणाले.

"सप्रम. मात्रा राहिलीय. आणि भेटच्या पुढं पोचा."

त्यांनी पोच्यावरून अंगठा फिरवला. पातेलं उचलून माझ्या हातात दिलं, मामाच्या नाही. मग आत नाक घालावं तसं वाकून त्यांनी एकदा वास घेतला.

"रस्सा केलतासा?"

"व्हय."

"उरला का न्हाई वाईच?"

सगळे खाली बघायला लागले.

"बरं," आजोबा गळाकडं वळून म्हणाले. "फुडल्या टायमाला सोडतासा तर रिकामं सोडू नगा."