एनपीटीईएल प्रमाणपत्र : व्हिडिओ पाहिले म्हणून मिळत नाही

‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवरचा एनपीटीईएल (आयआयटी आणि आयआयएस्सी यांचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) कोर्स शेवटपर्यंत पाहिला की सरकारी प्रमाणपत्र आपोआप आणि फुकट येते, असा मेसेज फिरतो आहे. त्यातले ‘फुकट’ फक्त शिकण्यापुरते खरे. परीक्षेची नोंदणी वेगळी आणि तिची फी भरावी लागते. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायची.

गुण असे धरतात : साप्ताहिक असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी घेतात, आठ आठवड्यांच्या कोर्सात ६ ची. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही स्वतंत्रपणे. बहुतेकांची गफलत इथेच होते. असाइनमेंटचे २४ आणि परीक्षेचे २८ मिळून ५२ होतात, तरी प्रमाणपत्र नाही! उलट असाइनमेंट टाळून परीक्षेत ६५ मिळवले तरी हात रिकामेच, कारण मुदत गेली की ती असाइनमेंट धरत नाहीत.

कोर्सला जो ईमेल दिला, परीक्षेलाही तोच द्या. क्रेडिट (पदवीच्या अभ्यासक्रमात धरले जाणारे श्रेयांक) हवे असतील तर कॉलेजला आधी विचारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमानुसार एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयं’वरून घेता येतात, पण कोणते, हे विद्यापीठ ठरवते.