आत शिंगं नाहीत, बाहेर शिंगंच शिंगं

इंग्लंडात आमच्या लीड्सहून यॉर्क ट्रेनने जेमतेम अर्धा तास, त्यामुळे साताऱ्याहून जो कोणी आमच्याकडे येतो त्याला मी यॉर्क दाखवतेच. गेल्या उन्हाळ्यात आईबाबा आले, त्यांनाही नेलं आणि तिथल्या एका म्युझियममध्ये तासभर वायकिंग (हजारेक वर्षांपूर्वी नॉर्वे-डेन्मार्ककडून समुद्रावरून आलेले लढवय्ये) बघितले. बघण्याचा त्रास नाही हो, त्रास पुढे, कारण बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच जातो. आपल्याकडे देवळाबाहेर नारळवाल्याची नजर चुकवून सटकता तरी येतं.

आत सांगून सांगून दमतात बिचारे की वायकिंगांच्या हेल्मेटला शिंगं नव्हती. नॉर्वेत १९४३ साली एक खरं सापडलं, तुकडे जोडल्यावर दिसलं काय, तर उलटं पातेलं आणि पुढे डोळ्यांवर चष्म्यासारखी पट्टी, बस्स. शिंगांचा प्रसार झाला तो १८७६ साली जर्मनीत वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरासाठी शिवलेल्या कपड्यांमुळे. माझ्या चिरंजीवांनी (वय सात) हे सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि दुकानात पाय टाकल्या टाकल्या प्लास्टिकचं शिंगवालं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"अरे आत्ताच ऐकलंस ना?"

"मम्मा, ते आतलं होतं."

आता याच्याशी काय वाद घालणार, दुकानाचंही तेच धोरण दिसत होतं.

आईकडे अकरा घरांची यादी होती, एअरलाइनचे तेवीस किलो होते आणि प्रत्येक किमतीला शंभरने गुणायची सवय होती. बारा पौंडांचा मग तिने असा खाली ठेवला की जणू चटका बसला. मग हातोड्याचं लॉकेट उचललं, हे कोणाचं म्हणाली. मी सांगितलं, थोरचं, विजांचा देव, रथाला दोन बोकड, रात्री ते कापून खातो आणि सकाळी हाडांवरून परत जिवंत करतो, थर्सडे हा वार त्याच्याच नावाचा.

"गुरुवारचा देव, आणि बोकड खातो?"

लॉकेट मगाच्या शेजारी गेलं.

बाबा तोवर पुस्तकांच्या रॅकपाशी रमले होते, आणि बाबा कुठलंही पुस्तक मनात वाचत नाहीत. यॉर्कातच कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर १९७६ ते १९८१ खोदकाम झालं, जमीन इतकी ओली की आत हवा शिरली नाही म्हणून लाकूड, चामडं, कापड हजार वर्षं टिकलं, त्यात लोकरीचा एक मोजा सापडला. एकच. दुसरा नाही. (माझ्या वॉशिंग मशीनवरचा राग त्या क्षणी बराच निवळला.) पुढचं पान आणखी मोठ्या आवाजात: १९७२ साली एका बँकेच्या जागेवर वायकिंगाची शी सापडली, वीस सेंटिमीटर लांब, पार दगड झालेली, २००३ साली हातातून पडून तिचे तीन तुकडे झाले तर ते पुन्हा जोडले आणि काचेत ठेवली. आई म्हणाली, "आणि तुम्ही रोज सकाळी पाऊण तास बसता, त्याचं कुणाला काही नाही."

तिच्या मागची इंग्रज बाई हसली. मराठी येत नसावं, पण काही गोष्टी सुरावरूनच कळतात.

शेवटी अकरा घरांना अकरा फ्रिज मॅग्नेट, चिरंजीवांना शिंगं, आणि बाबांनी स्वतःसाठी घेतला कावळा. हातभर उंच, काळाकुळकुळीत, मऊ मऊ. खरं तर रेव्हन, ओडिन देवाकडे असे दोन असतात, ते रोज जगभर उडून बातम्या आणतात आणि त्याच्या कानात सांगतात. बाबांना ही न्यूज सर्व्हिस फार आवडली. आई म्हणाली, "विकतचा कावळा घरात आणायचा?" आणि लीड्स येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

सप्टेंबरात तिचा फोन आला. पितृपक्षात आजोबांचं पान गच्चीवर ठेवलेलं, तासभर झाला तरी एक कावळा फिरकेना, सगळे उपाशी, भटजींना पुढच्या घरी जायची घाई. तेव्हा बाबांनी शोकेसमधून ओडिनचा कावळा काढला आणि कठड्यावर ठेवला, म्हणजे त्याला बघून खरे येतील. वारा आला, तो आडवा पडला.

"मग आले का?"

"आले की. चांगले तीसचाळीस. पण पानाला चोच लावेल तर शपथ, आपल्यातलाच एक गेला असं वाटून सगळे त्याच्याभोवती बोंबलत बसले. आम्ही तीन वाजता जेवलो."