'मोबाइलमध्ये बघून वाचणारे कवी': एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक जुना रसिक' यांस,

नव्या कवींच्या कवितावाचनाच्या संध्याकाळीबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, मागच्या रांगांना ऐकू येत नव्हतं, निम्म्या कविता म्हणजे गद्याचे तुकडे, माझा लेख म्हणजे मित्रमंडळींची आरती, असं तुम्ही म्हणता. आणि मुख्य म्हणजे, 'ज्याला स्वतःची कविता पाठ नाही, मोबाइलमध्ये बघून वाचावी लागते, त्याने मंचावर येऊच नये. विंदा, बापट, पाडगावकरांनी महाराष्ट्र जिंकला तो असा नव्हे.' वर सल्ला: 'लेखिकाबाईंनी आधी चार कार्यक्रम ऐकावेत.'

मागे ऐकू येत नव्हतं, हे खरं आहे. माइक एकच होता आणि दोन कवी त्याच्यापासून हातभर लांब उभे राहिले. मान्य.

पण 'लेखिकाबाई'? मतभेद असू द्यात, हा कुत्सित सूर कशाला? मी कळायला लागल्यापासून कविता कानांनीच ऐकत आले आहे. वडील मोठ्याने वाचून दाखवत. पुढे अशा कितीतरी कार्यक्रमांचं निवेदन मी केलं. कविसंमेलनात आयोजकही निघून गेल्यावर शेवटच्या कवीसाठी थांबणाऱ्यांतली मी एक आहे. चार कार्यक्रम म्हणे!

आता पाठांतर. वृत्तातल्या कवितेत एक मात्रा चुकली की जीभ अडखळते, यमक पुढची ओळ आठवून देतं. मुक्तछंदात अशी राखण करायला कुणी नसतं. तिथे ओळ कुठे तोडायची ते कवीने कागदावर ठरवलेलं असतं, आणि कविता पाठ झाली की ती हळूहळू बोलण्याच्या चालीत वाहून जाते, तोडलेल्या ओळी पुन्हा सांधल्या जातात. त्या संध्याकाळी एका कवयित्रीने 'परत' म्हटलं, खाली मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं, मग 'आलो नाही' म्हटलं. त्या अर्ध्या क्षणात माणूस परत आला होता. हे तुम्हाला ऐकू आलं नसेल तर तुम्ही बहुधा मोबाइलच बघत होतात, कवयित्रीचा, म्हणजे.

आणि विंदा-बापट-पाडगावकरांचं नाव घेऊन नव्यांना हाणायची सवय आता पुरे. तिघांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण त्यांच्या कितीतरी कविता कानासाठीच घडलेल्या होत्या. त्यांच्याही आधी, १९२३मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी कविता चक्क गाऊन दाखवत. अत्र्यांनी विडंबनं लिहून त्यांची यथेच्छ टिंगल केली. म्हणजे तेव्हाही कुणाला तरी 'ही काय पद्धत झाली?' असं वाटतच होतं. पाठ म्हणण्याचाच आग्रह असेल तर त्यासाठी स्लॅम, म्हणजे कविता सादर करण्याची स्पर्धा, आहे. शिकागोत १९८०च्या दशकात मार्क स्मिथने सुरू केलेला हा प्रकार. स्पर्धेत साधारण ३ मिनिटं मिळतात, श्रोत्यांतून निवडलेले परीक्षक गुण देतात, बहुतेक कवी पाठच म्हणतात. मला तोही आवडतो. पण तिथे सादरीकरणालाही गुण आहेत. इथे कवी नुकतं लिहिलेलं, कदाचित अजून बदलायचं असलेलं काही वाचत होते. ते पाठ कशाला करायचं?

उशीर: झाला. कुठे होत नाही?

मित्रांची आरती: वाचणाऱ्यांपैकी दोघांना मी ओळखते. मराठी कवितेच्या कार्यक्रमाला कुणालाच न ओळखणारा श्रोता सापडला तर मला जरूर कळवा, त्याचीच मुलाखत घेईन.

'गद्याचे तुकडे' या आरोपावर मी काही लिहिणार नाही. मर्ढेकरांच्या काळापासून तो चालू आहे आणि माझ्या उत्तराने थांबणार नाही. कुठली कविता, कुठली ओळ, तेवढं सांगितलंत तर बोलू. आणि पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. मंचावर उभं राहून वाचणाऱ्यांनी निदान तेवढं तरी केलं होतं.