म्हणे काकांनी दुरुस्त केला

अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज येईना. दिवा लागलेला, सीडी आत गरगरतेय, आणि स्पीकर ढिम्म. माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. पहिला सल्ला, प्लग लावला आहे का ते पाहा. दुसरा, आवाज वाढवून पाहा. ज्याला हे सांगावं लागतं त्याला मुळात कुणी अ‍ॅम्प्लिफायर विकू नये.

मी मात्र पद्धतशीर निघालो होतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची कुणी दखल घेतलेली नाही. पॉवर दिल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक्' झालं. तो रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप होणारा स्विच. स्पीकरला जाणाऱ्या आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, आली तर स्पीकरची कॉइल जळते, म्हणून प्रोटेक्शन सर्किट आधी चाचपून बघतं आणि सगळं ठीक असेल तरच रिले ओढून स्पीकर जोडतं. टक् झालं म्हणजे पॉवरचा भाग बहुधा धडधाकट. मग स्पीकरच्या वायरी सोडवून त्यांच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. खट् वाजलं, स्पीकरचा पडदा हलला. स्पीकरही जिवंत. वायरी परत जोडल्या. आता दोष राहिला तो त्याच्या अलीकडे, आणि तिथे मी पोचणार एवढ्यात शेजारचे काका दारात.

एरवी काका येतात ते "आवाज कमी कर" सांगायला.

"काय रे, आज काहीच ऐकू येत नाही?"

"बिघडलाय, काका."

"तरीच. म्हटलं, घरात कुणी आजारी आहे की काय." आणि खुर्ची ओढून बसले. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "प्लग लावलायस?"

"दिवा लागलाय की."

"दिव्यावर जाऊ नकोस. दिवा वेगळा, करंट वेगळा."

यावर काय बोलणार? काका उठले, व्हॉल्यूमचं बटण स्वतःच्या हाताने शेवटापर्यंत फिरवलं, स्पीकरला कान लावला आणि "अंहं" म्हणून परत बसले. पुस्तिका लिहिणारा माणूस बहुतेक यांचाच नातलग.

"आमचा रेडिओ असाच मुका व्हायचा. वडील एक चापट मारायचे, लगेच बोलायला लागायचा."

या उपचारात थोडं तथ्य आहे, हीच तर पंचाईत. सोल्डरिंग सुटत आलं असेल किंवा रिलेच्या संपर्कांवर काजळी धरली असेल, तर धक्क्याने तेवढ्यापुरता आवाज येतोही. पण हे काकांना सांगण्याची सोय नव्हती. त्यांनी बाही वर सरकवली असती. मग त्यांना झाकण उघडून हवं होतं. प्लग काढला तरी आतले मोठे कपॅसिटर काही काळ चार्ज धरून ठेवतात, हात लावू नये, असं मी म्हणालो.

"प्लग काढल्यावर कसला रे शॉक? घाबरट आहेस."

मी उत्तर न देता हेडफोन लावला. तिथेही सन्नाटा. म्हणजे स्पीकरचा स्विच, त्यांच्या वायरी, सगळं निर्दोष. गाणं पॉवर अ‍ॅम्पपर्यंत, म्हणजे स्पीकरला जोर देणाऱ्या शेवटच्या भागापर्यंत, पोचतच नव्हतं. सीडी प्लेअरची वायर काढून दुसऱ्या इनपुटला लावली, कुठल्या इनपुटचं ऐकायचं ते ठरवणारा सिलेक्टर फिरवला. तरी काही नाही. काका माझ्याकडे निरखून बघत होते.

"एक विचारू? रागावू नकोस. कान तपासलेस का तू?"

"काका!"

"नाही, इतकी वर्षं एवढ्या मोठ्याने लावायचास. आवाज येतही असेल, तुलाच ऐकू येत नसेल."

"तुम्हाला येतोय का?"

"माझं सोड. माझं वय झालं."

आपल्याच घरात, आपल्याच यंत्रासमोर, आपल्याला ऐकू येतं हे सिद्ध करायची वेळ येणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. मी सेलची डबी हलवून दाखवली. "बघा, ऐकू येतंय." काकांनी मान डोलावली, पण त्यांची खात्री पटलेली नव्हती.

आता उरलं होतं टेप मॉनिटर. बहुतेक जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर हे बटण असतं. टेप डेक म्हणजे टेपवर गाणी भरायचं आणि वाजवायचं यंत्र; भरायचं आणि ऐकायचं हेड वेगळं असलेल्या, तीन हेडच्या डेकवर रेकॉर्डिंग चालू असताना टेपवर नेमकं काय उमटतंय ते तिथल्या तिथे ऐकता यावं, यासाठी ते केलेलं. दाबलं की अ‍ॅम्प्लिफायर फक्त टेप डेकचं ऐकतो, मग सिलेक्टर कुठेही फिरवा; पुन्हा दाबलं की सुटका. डेकच नसेल तर नुसती शांतता. आणि हे एवढं घातक बटण टोनच्या बटणांशेजारी, त्यांच्याच आकाराचं, त्यांच्याच रंगाचं, दाबल्याचा साधा दिवाही नाही. पुसताना फडकं जरा जोरात लागलं की संपलं. घरातून डेक जाऊन जमाना झाला, हुकूम मात्र अजून त्याचाच चालतो. यंत्र बनवणाऱ्यांना दिव्यांची एवढी हौस, मग इथेच कंजुषी का?

तर माझं बोट त्या बटणाकडे निघालं होतं. शपथेवर सांगतो, निघालं होतं.

"हे काय आहे रे?" म्हणत काकांनी ते दाबलं.

व्हॉल्यूम त्यांनी नेऊन ठेवला तिथेच होता. खिडकीच्या काचा थरथरल्या. काका दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडत होते, "कमी कर! अरे, कमी कर!"

त्यानंतर त्यांनी ही हकीकत इमारतभर सांगितली. रिले नाही, सेल नाही, हेडफोन नाही. "साधं बटण होतं. हा तास न् तास वायरी उपसत बसला होता." घरातसुद्धा आता "काकांनी दुरुस्त केला" असंच म्हणतात, दुरुस्त करायला काही बिघडलेलं लागतं, हा मुद्दा कुणी ऐकूनच घेत नाही.

काल वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात थांबवून विचारलं, काका मिक्सर बघतात का?

म्हटलं, बघतात. आणि घरी येऊन बघतात.