मोरोक्कोचे इमाम चुकलेले नाहीत

'मोरोक्कोतला इमाम फातिहाच चुकीचा म्हणतो' असा मजकूर लावून एक व्हिडिओ फिरतोय. फातिहा म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय. चूक नाही ती. आपल्याकडे हफ्स या पठणकाराची किराअत, म्हणजे कुराण म्हणण्याची रीत, कानावर पडते, त्यात 'मालिकि यौमिद्दीन' असा 'मा' लांबतो. मोरोक्को, अल्जीरियात वर्शची किराअत चालते. तिथे 'मलिकि', आखूड. एकात न्यायदिनाचा मालक, दुसऱ्यात राजा. दोन्ही पाठ परंपरेला मान्य. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिदांनी ज्या सात किराअती निवडल्या, त्यांतल्या मदिनेच्या नाफींची ही मोरोक्कोतली किराअत. वर्श त्यांचे शिष्य, इजिप्तचे. गंमत म्हणजे कैरोचे कुराण-पठणकार शेख हुसरी यांनी दोन्ही किराअती ध्वनिमुद्रित केल्यात. लागोपाठ ऐका, आवाज तोच, पण ठेका वेगळा. वर्शमध्ये 'मद', म्हणजे लांबवलेला स्वर, कितीतरी लांब जातो.