झेड५१ घ्यायचं की नाही: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि फोनवर वाचणारे तितकं खाली उतरत नाहीत, म्हणून आधी ती थोडक्यात मांडतो. मागच्या लेखात मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका वाचकांना शेवरले कॉर्व्हेट सी८ (या स्पोर्ट्स कारची आठवी पिढी) घेताना झेड५१ हे जादा पैसे मोजून मिळणारं, जोरकस चालवण्यासाठीचं पॅकेज घेऊ नका, असं सुचवलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की झेड५१ नसलेली कॉर्व्हेट ही अर्धवट गाडी. सत्तर हजार डॉलर मोजणाऱ्याने सहा हजारांसाठी हात आखडता घेणं हा शुद्ध कद्रूपणा. झेड५१शिवाय ड्राय संप (इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) मिळत नाही, म्हणजे इंजिनाशी खेळ. विकताना मार बसतो तो वेगळाच. शिवाय मी मिशिगनचे खड्डे बघून अख्ख्या अमेरिकेला सल्ले देतो. आणि तुम्ही तळेगावला जीएममध्ये, म्हणजे शेवरलेच्या मालक कंपनीत, बरीच वर्षं काढलीत, तेव्हा तुम्हाला शिकवायच्या भानगडीत मी पडू नये.

शिकवत नाही. पण ड्राय संपचा मुद्दा तसाच सोडून चालणार नाही, कारण तो वाचून कुणीतरी उद्या सहा हजार भरून बसेल.

तुम्ही म्हणता ते सी७बाबत शंभर टक्के खरं होतं. २०१४ ते २०१९ या सी७ स्टिंगरेमध्ये साध्या गाडीला वेट संप असायचा, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशीच, आणि झेड५१ घेतलं तरच ड्राय संप मिळायचा. वेट संपमध्ये लांब वळणावर जोर लावला की तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढायला लागतो आणि बेअरिंगचं काम तमाम होतं. २०१४मध्ये त्या पॅकेजची किंमत २,८०० डॉलर होती, त्यामुळे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीही डोळे मिटून घ्या म्हटलं असतं. सी८मध्ये मात्र ६.२ लिटरच्या एलटी२ इंजिनाला ड्राय संप सरसकट आहे, पॅकेज घ्या अगर घेऊ नका. झेड५१ची किंमत २०२०मध्ये ५,००० डॉलर होती, ती पुढे ६,३४५ झाली. आतला सर्वांत मौल्यवान ऐवज सर्वांना मिळाला आणि पाटी महाग झाली. सी७ची पुण्याई सी८च्या खात्यावर जमा करून चालत नाही.

मग आता त्या पैशांत येतं काय? मोठ्या डिस्कचे ब्रेक, ब्रेककडे हवा नेणारे मार्ग, जास्त क्षमतेची कूलिंग, इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी यंत्रणा), वेगळा अ‍ॅक्सल रेशो (चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरचं प्रमाण), कडक सस्पेन्शन, परफॉर्मन्स एक्झॉस्ट, मिशलँचे उन्हाळी टायर, पुढे स्प्लिटर आणि मागे स्पॉयलर, म्हणजे वाऱ्याने गाडी दाबून धरणाऱ्या पट्ट्या. यादी दणदणीत आहे, वाद नाही. पण मी ती दोन ढिगांत वाटतो: नंतर घेता येणारं आणि नंतर न घेता येणारं. टायर केव्हाही बदलता येतात, मापं दोन्ही गाड्यांना तीच आहेत, पुढे १९ इंची आणि मागे २० इंची. एक्झॉस्ट वेगळा मागवता येतो, सुरुवातीला त्याची किंमत साधारण बाराशे डॉलर होती. त्यानेच इंजिन ४९०वरून ४९५ हॉर्सपॉवरवर जातं. झेड५१वाले ज्या पाच घोड्यांचा तोरा मिरवतात, ते या एक्झॉस्टचे आहेत. स्पॉयलरचंही तसंच. उरतात डिफरन्शियल, रेशो, कूलिंग आणि ब्रेक. हे चार गाडी घरी आल्यावर बसवायला जाणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून निर्णय या चारांवरच व्हायला हवा, बाकीच्या झगमगाटावर नाही.

आता या चौघांची खरी कामगिरी कुठे दिसते? तुम्ही व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेला ट्रॅक डेजना, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायला, जाता असं लिहिलंय. तिथे वीस-पंचवीस मिनिटांचं एक सेशन. मागचा लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला जिवाच्या आकांताने ब्रेक, मग वळणं, पुन्हा पेडल तळाला. हे एकामागून एक फेऱ्यांत होतं, तेव्हा डिस्क तापते, ब्रेक फ्लुइड उकळायला लागतं आणि पेडल पायाखाली मऊ पडतं. पुढची डिस्क साध्या गाडीत १२.६ इंचांची आहे, झेड५१मध्ये १३.३. कागदावर पाऊण इंचाचाही फरक नाही, पण जादा धातू, जादा पृष्ठभाग आणि त्यावर थेट सोडलेली हवा हे सगळं सातव्या-आठव्या फेरीला कामाला येतं. वळणातून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल दोन चाकांमधली पकड सेकंदाच्या अंशात कमीजास्त करतं. साध्या गाडीतलं मेकॅनिकल डिफरन्शियल तिथे थोडं ढोबळ वाटतं. तेव्हा साहेब, तुम्ही झेड५१ घेतलंत ते योग्यच केलंत. तुमच्या गाडीबद्दल माझा तुमच्याशी वाद नाहीच.

नोव्हायचे वाचक मात्र पन्नाशीचे. शनिवारी सकाळी कॉफीला जाणार, ऑगस्टमध्ये वुडवर्डच्या ड्रीम क्रूझ या गाड्यांच्या मेळ्यात गाडी मिरवणार, उन्हाळ्यात एकदा पत्नीला घेऊन मॅकिनॉला जाऊन येणार. ट्रॅकवर जाणार का, असं मी विचारलं तर त्यांनी लिहिलं, "कधीतरी जाईन म्हणतो." या 'कधीतरी'वर गाड्यांच्या कंपन्यांची दुकानं चालतात. ज्याला खरंच जायचंय त्याने तारीख पाहिलेली असते, हेल्मेट कुठलं घ्यायचं ते विचारलेलं असतं आणि नेहमीची पॉलिसी बहुधा ट्रॅकवरचं नुकसान भरत नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं. यांनी गाडीचा रंग विचारला होता. (लाल घ्या म्हटलं.)

मिशिगनच्या खड्ड्यांबद्दल बोललात ते मान्य, आमच्याकडे एप्रिलमध्ये रस्ता शोधावा लागतो. पण माझा मुख्य आक्षेप खड्ड्यांवर नव्हता, थंडीवर होता. झेड५१चे उन्हाळी टायर साधारण ४-५ अंश सेल्सिअसखाली गेलं की पकड सोडायला लागतात, रबर ताठरतं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ ऑक्टोबरअखेर एका सकाळी आपली गाडी गॅरेजमधून मागे घेत होते, मी बाजूला उभा होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, वेग चालण्याचा. पुढची चाकं गुळगुळीत फिरण्याऐवजी टपाटपा उड्या मारायला लागली, टायर फरशीवर घासून पुढे सरकायचा, अडायचा, पुन्हा सरकायचा. आतून आवाज असा की पुढचं काहीतरी निखळलंय. ते घाबरून डीलरला फोन लावायला निघाले. बिघाड काही नव्हता. पुढच्या चाकांची भूमिती वेगासाठी जुळवलेली, त्यात थंड कडक रबर, आणि पूर्ण वळवलेल्या चाकांना वेगवेगळ्या वर्तुळांत फिरायचं असतं. दोन मैल चालवून टायर कोमट झाले की त्रास कमी होतो. साध्या सी८ला ऑल-सीझन टायर येतात, त्यांना अशा सकाळी बराच कमी त्रास होतो. तुमच्या दक्षिणेतल्या शार्लटला अशा सकाळी थोड्या. आमच्याकडे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ढिगाने. मी अमेरिकेला सल्ला दिला नव्हता, नोव्हायला दिला होता.

आणि सस्पेन्शन. झेड५१च्या स्प्रिंगांना आट्यांची बैठक असते, पाना घेऊन उंची कमीजास्त करता येते. ट्रॅकवाल्याला ही चैन आहे. बाकीच्यांपैकी किती जण आयुष्यात एकदा तरी तो पाना हातात घेतात? ज्यांना घाटातही मजा हवी आणि पाठही शाबूत हवी, त्यांच्यासाठी २०२१पासून झेड५१शिवायही मॅग्नेटिक राइड मिळते, तेव्हा किंमत होती १,८९५ डॉलर. तिच्यात डॅम्परच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, चुंबकक्षेत्र बदललं की तेल क्षणात दाट किंवा पातळ होतं. २००२च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे आधी आलं, लगेच २००३च्या कॉर्व्हेटमध्ये. टूर मोडवर मवाळ, स्पोर्टवर आवळलेलं. मॅग्नेटिक राइड आणि एक्झॉस्ट मिळून झेड५१च्या साधारण निम्म्या पैशांत काम होतं आणि नोव्हायच्या वाचकांना जे हवंय, ते सगळं त्यात येतं, आवाजासकट.

कडकपणाचं हे दुखणं आजचं नाही. झेड५१ हा कोड कॉर्व्हेटवर पहिल्यांदा १९८४च्या सी४वर आला तेव्हा सस्पेन्शन इतकं दगडी होतं की बोंबाबोंब झाली आणि १९८५ला कंपनीनेच ते मवाळ केलं.

टेल ऑफ द ड्रॅगन या डोंगरातल्या रस्त्याचा दाखला दिलात. अकरा मैलांत ३१८ वळणं, रस्ता अफलातून आहे. पण तिथे वेगमर्यादा ताशी ३० मैल, समोरून मोटारसायकली, एका बाजूला डोंगर. त्या रस्त्यावर साध्या सी८चे ब्रेक किंवा कूलिंग कमी पडत असतील, तर ती माहिती पोलिसांना कळू देऊ नका.

एक गंमत मात्र तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. झेड५१वाली सी८ ताशी १८४ मैलांवर थांबते, साधी १९४पर्यंत जाते. स्प्लिटर-स्पॉयलर गाडी जमिनीवर दाबून धरतात, त्याची किंमत वाऱ्याच्या अडथळ्यात मोजावी लागते. दोन्ही आकडे नोव्हायच्या वाचकांच्या काही कामाचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर तुमच्याही नाहीत. पण 'साधी म्हणजे अर्धवट' म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर दाखवावा.

विक्रीचा मुद्दा तुमचा रास्त आहे. सेकंडहँड बाजारात झेड५१ नाव शोधणारे बरेच असतात, गाडी लवकर उठते. म्हणून सहा हजार पूर्ण परत येतात असं मात्र नाही. आणि पाच-सात वर्षं स्वतः चालवायची गाडी पुढच्या मालकाच्या आवडीने कुणी का सजवावी? उष्ण राज्यात राहणारा, दोन-तीन वर्षांत गाडी विकून बदलणारा असेल, तर त्याला मी झेड५१ घेच म्हणेन.

पुण्यातून एकाने विचारलंय की ही गाडी तिकडे मिळेल का. उजव्या हाताची स्टिअरिंग कारखान्यातूनच आलेली ही पहिली कॉर्व्हेट, हे खरं. पण जीएमने भारतात गाड्या विकणं २०१७अखेर थांबवलं आणि तळेगावचं उत्पादनही डिसेंबर २०२०मध्ये बंद झालं. ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंत, साहेब, त्यावर कधीतरी तुम्हीच लिहा.

शेवटी, तुमच्या मेव्हण्यांनी पाहिलेली ती जुनी २०२१ची सी८. मागे स्पॉयलर आहे म्हणजे झेड५१ आहे, असं विक्रेत्याने सांगितलंय म्हणता. त्यावर जाऊ नका. स्पॉयलर वेगळा घेऊनही लावता येतो आणि ब्रेकचे कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) दोन्ही गाड्यांना ब्रेम्बो कंपनीचेच असतात. चासी नंबरवरून मूळ विंडो स्टिकर मागवायला सांगा आणि त्यात झेड५१ची ओळ किमतीसकट आहे का ते बघा. नसेल तर त्या हिशेबाने भाव पाडायचा. आणि मेव्हणे गाडी घेऊन करणार काय, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. ते कळवा, मग बोलू.