उताराचा प्लॉट, रेव्हिट आणि तुमचे दोन स्टार

नमस्कार मॅडम,

आमच्या रेव्हिटच्या (इमारतींचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) वर्गाला दोन स्टार देताना तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही नेमकं देता येतंय. तुमची तक्रार अशी: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या वर्गात शिकलेलं टेरेन (जमिनीच्या चढउताराचं मॉडेल) पन्हाळ्याच्या पायथ्याच्या तुमच्या १० गुंठ्यांवर चालत नाही. टोपोसॉलिड, म्हणजे रेव्हिटमधली जमीन, थरथरतं, कधी सपाट येतं, जोत्याभोवती उभं कापलेलं दिसतं आणि कट-फिल (खोदाई आणि भरावाचा आकडा) शून्य येतं. शिवाय 'गूगलची जमीन फुकट मिळत असताना सर्व्हेला पैसे का घालायला लावता' हाही प्रश्न आहे.

थरथरण्याचं कारण को-ऑर्डिनेट. यूटीएम या मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत पृथ्वीचे झोन पाडलेले असतात, आपला भाग ४३ उत्तर झोनमध्ये येतो. सर्व्हेअरच्या फाइलमध्ये ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) ४ लाख मीटरच्या पुढे आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) १८.५ लाखांच्या घरात असतं. रेव्हिटला इंटर्नल ओरिजिनपासून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या शून्य बिंदूपासून, साधारण १६ किलोमीटरच्या आतलंच काम नीट पेलतं आणि तुमचा प्लॉट तिथून १,८०० किलोमीटरच्या पलीकडे जाऊन बसतो. ऑटोकॅडमध्ये सगळं सिलेक्ट करून मूव्ह करा: बेस पॉइंट म्हणून प्लॉटजवळचे पूर्ण आकड्यातले ईस्टिंग-नॉर्दिंग आणि उंचीला समजा ६००, दुसरा पॉइंट ०,०,०. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा, रेव्हिटमध्ये 'स्पेसिफाय को-ऑर्डिनेट्स अॅट पॉइंट'ला तेच लागतात.

सपाट येण्याचं कारण त्याच फाइलमध्ये सापडेल. एखादा कंटूर (समान उंचीची रेषा) सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये एलेव्हेशन बघा. तिथे ० असेल तर रेषेशेजारी लिहिलेला ६०२.५ हा नुसता मजकूर आहे, रेषा जमिनीवरच पडून आहे. माझं स्पष्ट मत, कंटूरच्या मागे लागूच नका. ते कुणी मोजलेले नसतात, मोजलेल्या पॉइंट्सवरून काढलेले असतात. सर्व्हेअरकडून मूळ सीएसव्ही (मोजलेल्या पॉइंट्सच्या आकड्यांची फाइल) मागा, त्यातला पॉइंट नंबरचा पहिला कॉलम आणि वरची शीर्षकाची ओळ उडवा, आणि उरलेला क्रम एक्स (ईस्टिंग), वाय (नॉर्दिंग), झेड (उंची) असाच आहे ना ते बघा. उंचीतून तेच ६०० आणि बाकीच्यांतून तेच ईस्टिंग-नॉर्दिंग वजा करा. इम्पोर्ट करताना युनिट मीटर निवडा. मिलिमीटर राहिलं तर सगळा प्लॉट टाचणीएवढा होतो आणि माणूस 'काहीच आलं नाही' म्हणून पुन्हा पुन्हा इम्पोर्ट करत बसतो.

आता फुकटच्या जमिनीचं. अशा मोफत डेटाचं एक उदाहरण घ्या: एसआरटीएम, म्हणजे अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंच्या. त्यातली एक चौकट ३० बाय ३० मीटरची, म्हणजे ९०० चौरस मीटर. तुमचे १० गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. अख्ख्या प्लॉटच्या वाट्याला जेमतेम एखादी उंची येते, त्यावर जोतं कसं ठरवणार? आणि पायथ्याच्या जमिनीत बांध असतात. सर्व्हेअरने ५ मीटरच्या ग्रिडवर पॉइंट घेतले आणि बांधाची वरची व खालची कड वेगळी मोजली नाही, तर मीटरभराचा बांध मॉडेलमध्ये गुळगुळीत उतार होऊन जातो. दोन्ही कडांचे पॉइंट हवेतच, हे त्याला काम सुरू होण्याआधी सांगा.

उभ्या कडांबद्दल तुमचा राग रास्त आहे. रेव्हिट जोत्याच्या आकारात जमीन कापतं, पण बाजूचा उतार आपणहून देत नाही. तो हिशेब हातानेच करावा लागतो. समजा जोत्याची लेव्हल २.००, वरच्या कडेला जमीन ४.४०, म्हणजे कट २.४० मीटर. उतार १ उभा, १.५ आडवा धरला तर सपाट जमिनीवर ३.६ मीटर जागा लागेल. पण जमीन वर चढतेय, समजा ६ आडव्याला १ उभा. मग उताराचा माथा ४.८ मीटरवर भेटतो आणि त्याची लेव्हल ५.२० येते. मॉडिफाय सब-एलिमेंट्समध्ये कडेलगत २.०० चे आणि ४.८ मीटरवर ५.२० चे पॉइंट टाका. उंची कुठल्या लेव्हलपासून मोजली जातेय ते आधी तपासा. त्या बाजूला मार्जिन ३ मीटरच असेल तर हा उतार शेजाऱ्याच्या हद्दीत जातो, म्हणजे तिथे रिटेनिंग वॉल आलीच. क्लायंटला खर्चाचा आकडा देण्याआधी हे कळणं महत्त्वाचं, आणि म्हणूनच वर्गात हा हिशेब आम्ही वहीवर करून घेतो.

कट-फिल शून्य येतं कारण बदल मूळ जमिनीवरच झाले. मूळ टोपोसॉलिडची फेज (बांधकामाचा टप्पा) 'एक्झिस्टिंग' करा, मग न्यू कन्स्ट्रक्शन फेजच्या व्ह्यूमध्ये 'ग्रेडेड रीजन' वापरा आणि जी नवी प्रत तयार होईल तिचेच पॉइंट हलवा. आकडे त्या प्रतीच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतील.

सीएसव्ही आणि ऑटोकॅडची मूळ डीडब्ल्यूजी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन या, तुमच्याच प्लॉटवर हे सगळं पुन्हा करू. जुन्या विद्यार्थ्यांना त्याची फी नाही.